सुरक्षित निवाऱ्याचे ठिकाण

बाबा, तुमची फाइल सापडली. ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्याखाली होती. दोरी कुजलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण वरचं 'मान्सूनपूर्व आराखडा' हे तुमचं तिरकं अक्षर शाबूत. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. पित्रांना पान वाढलं, फोटोला हार घातला आणि मोकळी झाले. आज लिहितेय ते आठवण दाटून आली म्हणून नाही. मला तुमचा राग आलाय, आणि तो कुणापाशी काढावा तर तुमच्याशिवाय माणूस नाही.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात आणि तुमच्या जागेवर अनुकंपा म्हणून मला घेतलं, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मीही ग्रामसेवक झाले. पाच-सहा गावं फिरून गेल्या उन्हाळ्यात माझी बदली याच गावात झाली, तुमच्या शेवटच्या गावात. पहिल्याच दिवशी पारावरच्या म्हाताऱ्यांनी ओळखलं. "तुमी भाऊसाहेबाची पोरगी ना? लय भला माणूस होता. कोणाले कधी नाही म्हणून म्हणलं नाही." माझा तेव्हा ऊर भरून आला होता. आज तेच वाक्य कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. कुणाला नाही न म्हणणारा माणूस भला असतो, हे कुणी ठरवलं?

आराखड्याचं तुम्हाला सांगायला नको. एप्रिल महिन्यात तहसीलमधून पत्र येतं. गावात नाला कुठून वाहतो, पाणी कुठवर चढतं, कोणती घरं हलवायची, लोकांना कुठं न्यायचं, ट्रॅक्टर कुणाकडे, दोर कुणाकडे, पट्टीचे पोहणारे कोण, साप पकडणारा कोण, सगळ्यांचे फोन नंबर. तुमच्या काळी हे हातानं लिहायचे. आता कॉम्प्युटरवर असतं. म्हणजे काय, तर मागच्या वर्षीची फाइल उघडायची, वरचं साल बदलायचं आणि प्रिंट मारायची. मी रुजू झाले तेव्हा ऑपरेटरनं तयार प्रिंट समोर ठेवली आणि मी सही केली. नंतर वाचली तेव्हा कळलं की सहा पोहणाऱ्यांपैकी दोघं देवाघरी गेलेत, एक सुरतला कापडाच्या दुकानात आहे आणि एकाला गुडघेदुखीनं जिना चढवत नाही. त्यावर मी हसले होते. 'सुरक्षित निवाऱ्याचे ठिकाण' या रकान्यापुढे 'जिल्हा परिषद शाळा' लिहिलेलं होतं, त्यावर मात्र माझी नजर क्षणभरही थांबली नाही. शाळा ही निवाऱ्याचीच जागा असते, असं आपल्या डोक्यात बसलेलं.

ती शाळा तुम्ही रोज पाहायचात. नाला जिथं वळण घेतो त्या पोटात आहे. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यानं कधीकाळी ती जमीन दान दिली, त्याच्या नावाची फरशी दारावर आहे. जमीन दान दिली कारण तिथं दोन-दोन महिने पाणी साचायचं आणि कपाशीची पऱ्हाटी सडून जायची. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सगळे फरशीला मान देतात आणि पावसाळ्यात पोरांना पँट वर करून शाळेत पाठवतात.

मागच्या जुलैमध्ये एका शनिवारी, सकाळची शाळा सुटून पोरं घरी गेल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास तहसीलमधून फोन आला. वर डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झालाय, पाझर तलावाचा सांडवा वाहायला लागलाय, नाल्याकाठची घरं हलवा. गावात तेव्हा पावसाचा थेंब नव्हता, ऊन पडलं होतं. मी कपाटातून आराखडा काढला आणि भोंगा सुरू केला. कागदावर होतं ते वाचलं. नाल्याकाठच्या सर्व ग्रामस्थांनी ताबडतोब जिल्हा परिषद शाळेत जमावे. तीनदा वाचलं. स्वच्छ, ठणठणीत आवाजात वाचलं, बाबा. तुम्ही शिकवलं होतं ना, सरकारी कागद वाचताना अडखळायचं नाही म्हणून.

लोकांनी ऐकलं. तीसेक घरांतली माणसं गाठोडी, बकऱ्या, पेट्या घेऊन शाळेत गेली. एका घरात पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. तिला चौघांनी बाजेसकट उचलून नेलं आणि तिसरीच्या वर्गात फळ्याखाली ठेवलं. तासाभरानं नाल्यानं वळण सोडलं आणि सरळ शाळेच्या मागच्या भिंतीवर आला. आधी भिंत पडल्याचा आवाज आला, मग पाणी. पंधरा मिनिटांत वर्गात कमरेइतकं झालं. कुणी खिडकीच्या गजाला धरून, कुणी बाकावर बाक ठेवून उभं. वरच्या टेकाडावरच्या बौद्ध वस्तीतले पंधरा-वीस जण बैलगाडीचे दोर घेऊन खाली धावत आले आणि एकेकाला ओढून काढू लागले. मी आवारातल्या पाण्याच्या टाकीवर चढून माणसं मोजत होते. मोजदाद जुळली नाही. बाज दारात आडवी अडकलेली मिळाली, म्हातारी बाजेखाली होती.

चौथ्या दिवशी मी पंचनाम्यासाठी तिच्या घरी गेले. घर नाल्याकाठच्याच आळीत, पण जोतं उंच. पाण्याची खूण पायरीवर होती, उंबऱ्याला लागलीसुद्धा नव्हती. आत तिच्या बाजेची जागा रिकामी, कोरडी, तिथं तिची गोधडी घडी करून ठेवलेली. सून चुलीपुढे बसली होती. मी कोरडेपणानं रकाने विचारत गेले. मयताचं नाव, वय, नातं. तिनं सगळी उत्तरं दिली आणि शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, आम्ही तिले नेऊन नव्हतो राह्यलो. तिनंच म्हणलं, मले कुठं नेता, मी काय वाहून जाते काय. पण तुमी भोंग्यावर सांगतलं म्हून नेलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी कागद गोळा केले आणि बाहेर येऊन गाडीच्या सीटवर हात टेकून उभी राहिले.

मग चौकशी लागली. तहसीलनं विचारलं, निवाऱ्याचं ठिकाण म्हणून शाळा कधीपासून आणि कोणत्या आधारावर दाखवली आहे? म्हणून मी कपाट उपसलं आणि म्हणून तुमची फाइल निघाली. पहिल्या पानावर सुरेख, गोल, मोत्यासारखं अक्षर. 'सुरक्षित निवाऱ्याचे ठिकाण : जिल्हा परिषद शाळा.' ते अक्षर माझं आहे. तुमचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून पक्की प्रत तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात. तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. आणि त्या पक्क्या प्रतीमागे, त्याच टाचणीला, तुमची कच्ची प्रत. तिच्यात त्याच रकान्यात तुम्ही लिहिलेलं, 'बौद्ध वस्तीतील विहार व सभागृह, टेकाडावर, पाणी पोहोचत नाही.' त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. वर शाळा.

रेघ पाहिली आणि सगळं आठवलं. आपलं मोताळ्याचं घर, स्वयंपाकघर, दिवेलागण. आई भाकरी थापतेय. एक मेची ग्रामसभा उरकून तुम्ही लुनावरून आलात, हातपाय धुऊन पाटावर बसलात. मी दाराशी स्टुलावर कागद घेऊन पक्की प्रत करतेय. मी विचारते, "बाबा, हे खोडलं काऊन? इथं तर पाणी पोचत नाही लिहिलं." तुम्ही ठेच्याला तेल घेता, माझ्याकडे पाहत नाही. म्हणता, "गाव नाही म्हणते. म्हणे आम्ही काय त्याईच्या वस्तीत जाऊन बसू काय." मी म्हणते, "पण शाळेत पाणी येते ना?" आणि तुम्ही एकदम चिडता. भाकरीचा तुकडा ताटात टाकता. "तुले अक्षर काढाले सांगतलं का अक्कल शिकवाले? कागदच आहे तो. पूर कुठं येऊन राह्यला?" आई म्हणते, जेवताना कायले ओरडता. मी खाली मान घालून लिहिते. लिहून झाल्यावर तुम्ही पान दिव्यापाशी धरून पाहता, खूश होता आणि म्हणता, असं अक्षर अख्ख्या पंचायत समितीत कोणाचं नाही. मी ते कौतुक किती वर्षं जपून ठेवलं होतं, बाबा. मला त्याची आता शिसारी येते.

तुम्हाला माहीत होतं. हे मला गिळता येत नाही. माहीत नसलेल्या माणसाला माफ करता येतं. तुम्ही जागा बरोबर ओळखली होती, टेकाडावर चढून पाहिली होती, हातानं लिहिली होती, आणि मग पारावरच्या चार माणसांनी डोळे वटारले म्हणून पेन्सिल फिरवली. बरं, फिरवली तर फिरवली, मग तो कच्चा कागद फाडून का नाही टाकलात? मागे टाचून का ठेवलात? कुणीतरी कधीतरी पाहील आणि म्हणेल, भाऊसाहेबांना कळत होतं हो, म्हणून? गावाची मर्जीही राखायची आणि आपला शहाणपणही फाइलीत लावून ठेवायचा. एका म्हातारीचा जीव गेला आणि तुम्ही दोन्हीकडून सुटलात. माझ्या सहीनं गेला, हे मला कबूल आहे. पण ती ओळ माझ्याकडून तुम्ही लिहून घेतलीत.

चौकशीला मी काय उत्तर दिलं, तेही सांगते. 'सदर ठिकाण पूर्वापार दर्शविण्यात येत आहे.' कच्चा कागद जोडला नाही. तुमची लाज राखली की माझी, ते मला सांगता येणार नाही. प्रकरण यथावकाश निकाली निघालं. पण मी ठरवलं, या वर्षी तो रकाना बदलायचा. गाव नाचलं तरी चालेल, बदली झाली तरी चालेल, पुढच्या पावसाळ्यात मी भोंग्यावर शाळा वाचणार नाही.

या एक मेला ग्रामसभा भरली. मी आराखडा वाचला आणि त्या ओळीशी आले. विहार आणि त्याला लागून असलेलं सभागृह.  मग शाळेची जमीन देणाऱ्या घरातले काका उठले. सत्तरीचे, शांत, पांढरंशुभ्र धोतर. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. शाळेत नाही जायचं, मान्य. पण हे असं लिहू नका."

मी म्हटलं, "काऊन नाही लिहायचं, काका? त्या दिवशी पाण्यातून काढल्यावर सगळे तिथंच तर बसले होते. तुमच्या घरचेही होते."

"हाव, होते. वेळ आली तर जाऊच ना, कोण नाही म्हणते? जिवावर आलं तर माणूस कुठं बी जाते. पण कागदावर कायले पायजे? कागद ऱ्हाते. पोराबाळाईच्या सोयरिकी होतात, कोणी काय म्हणन, कोणी काय."

चार माना हलल्या. मला तुम्ही दिसलात, तिथं खुर्चीवर, पेन्सिल चाचपडत. आणि मग मी बोलले, जन्मात कधी बोलले नव्हते तसं. म्हटलं, भोंग्यावर मी मनातलं वाचत नाही, कागदावरचं वाचते. मी रजेवर असेन तर शिपाई वाचेल, तोही कागदावरचंच वाचेल. कागदावर शाळा असेल तर लोक शाळेत मरतील. तुम्हाला वेळ आल्यावर कळेल, त्या म्हातारीला वेळ आल्यावर कळलं का? काका खाली बसले. मला वाटलं, जिंकले. खरं सांगते, छाती फुगली होती माझी. तुमच्यापेक्षा मी बरी, असं वाटत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक जण उठली. टेकाडावरच्या वस्तीतली, बचत गट चालवते, साठीची असेल. काकांकडे तिनं पाहिलंही नाही. मला म्हणाली, "मॅडम, एक इचारू? आमचं विहार तुमी लिहून राह्यले. तिकडचे म्हणतात येणार नाही, तुमी म्हणता यावंच लागन. आमाले कोणी इचारलं काय, या म्हणून?"

 मी कागदाकडे पाहिलं. कागदावर याचं उत्तर नव्हतं. गेले दहा महिने मी त्या ओळीसाठी तुमच्याशी मनात भांडत होते, तहसीलदारांशी दोनदा बोलले होते, लेव्हल मोजून घेतली होती, नकाशा काढला होता. टेकाड चढून विचारायला मी एकदाही गेले नव्हते. पुराच्या दिवशीसुद्धा नाही. माणसं वर नेली तेव्हा मी खाली, तहसीलहून आलेल्या साहेबांच्या गाडीपाशी उभी होते. मी म्हटलं, "चुकलं माझं. उद्या येते." ती बसली. आराखडा तेवढ्यापुरता तहकूब झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गेले. गाडी खालीच लावावी लागते, वर चढायला नुसती दगडांची पायवाट. हेही आराखड्यात कुठं नव्हतं, की बाज घेऊन ही वाट चढणार कशी. विहार नीटनेटकं, सभागृहात दीडशे माणसं सहज बसतील. ती आणि वस्तीतली आणखी चार-पाच माणसं सतरंजीवर बसली होती. मी रीतसर विचारलं. ती म्हणाली, "देऊ ना. आमी माणसं हाओत. पण तीन गोष्टी लिहा. ही वाट सिमेंटची करून द्या. दोन संडास बांधा, त्या दिवशी बायकाईचे लय हाल झाले. आणि तिसरं, येतीन त्याईनं आमच्या माठातलं पाणी प्यावं. त्या दिवशी इथं बसले, बिस्किटं खाल्ले, आमच्या सतरंज्यावर निजले. पण पाण्याच्या कॅन मोताळ्याहून ट्रॅक्टरनं आणल्या, पुरातून. आमचे माठ भरलेले होते. तसं पुन्हा नाही चालायचं."

मी म्हटलं, लिहिते. तिन्ही लिहिलं, तिच्यासमोर, माझ्या त्याच सुरेख अक्षरात. तिसऱ्या अटीला सरकारी भाषेत काय म्हणावं ते सुचेना, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिलं. तिनं वाचून पाहिलं, मान हलवली आणि आत गेली. बाहेर आली ती स्टीलचा पेला घेऊन. पाणी काठोकाठ होतं. पेल्यावर बाहेरून दव धरलं होतं. तिनं तो माझ्यासमोर ठेवला, आणि पेल्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली.

मी म्हटलं, "आत्ताच पिऊन निघाली, मावशी."

का म्हटलं ते मी शोधतेय. मनात काही नव्हतं, शप्पथ. मी विचार केला नाही, ठरवलं नाही. तोंडानंच म्हटलं, हात मांडीवर तसाच राहिला.  तिनं पेला उचलून आत नेला आणि संमतीचा कागद घेऊन आली, वस्तीनं आदल्या रात्रीच सह्या करून ठेवलेला. माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "घ्या. जीव वाचवाचा आहे, त्याच्यात आडकाठी नाही करत आम्ही." मी तो घेतला, फाइलीत लावला आणि ती वाट उतरून खाली आले. आराखडा मंजूर झाला. रकान्यात विहार आहे. काकांनी आणखी दोघांसह 'विरोध नोंदवावा' असं सांगितलं, तो नोंदवला. या पावसाळ्यात भोंग्यावर बरोबर जागा वाचली जाईल.

हे सगळं तुमच्या तोंडावर फेकायचं म्हणून लिहायला बसले होते. तुम्ही असता तर आज हे पत्र मी तुमच्या ताटाशेजारी ठेवलं असतं आणि तुम्ही वाचेपर्यंत समोरून हलले नसते. आता कुठं पाठवणार? तुमच्या फाइलीत लावावं असंही मनात येऊन गेलं, पण कच्चे कागद मागे टाचून ठेवायची ती खोड मला नकोय. फाडून टाकेन. त्याआधी एवढं एक. ती टेकाडाची वाट चढायला मला वीस मिनिटं लागली होती, मेचं ऊन डोक्यावर होतं, घसा कोरडा पडून बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. मला खूप तहान लागली होती, बाबा.